आल्समीरच्या आधी लासलगाव

मॅडम, सादर नमस्कार. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात वाणिज्य विभागात शिकवते. आंतरराष्ट्रीय व्यापार हा माझा विषय. जुलैतल्या स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी जाहीर केलं, की येत्या उन्हाळ्यात आपल्या कॉलेजचा पहिला परदेशी अभ्यासदौरा निघणार आणि समन्वयक मी. आधी मला कोणी विचारलं नव्हतं. एका टूर कंपनीनं माहितीपत्रक दिलंय : 11 दिवस, अ‍ॅमस्टरडॅम, ब्रसेल्स, पॅरिस आणि स्वित्झर्लंड, मध्ये 'एका नामांकित विद्यापीठाला भेट' आणि शेवटी प्रमाणपत्र. दर विद्यार्थ्यामागे 2 लाख 65 हजार रुपये. 22 विद्यार्थी झाले तर दोन शिक्षक फुकट. माझ्या वर्गातली निम्मी मुलं निफाड, दिंडोरी, चांदवडकडून एसटीनं येतात. त्यांच्यापैकी एकानंही नाव दिलेलं नाही. ज्यांनी दिलंय त्यांचे पालक फोन करून विचारतात, 'मॅडम, तुम्हीच सांगा, पाठवू का?' मी स्वतः कधी देशाबाहेर गेलेले नाही. पासपोर्ट आहे, पण कोरा. घरी पाच वर्षांची मुलगी आहे. सासूबाई म्हणतात, तू जा, मी बघते. पण तिकडे एखाद्या मुलाला काही झालं तर जबाबदार कोण? मी हो म्हणू की नाही?
— एक प्राध्यापिका, नाशिक

नमस्कार मॅडम,

हो म्हणा. पण या माहितीपत्रकाला म्हणू नका.

11 दिवसांत चार देश म्हणजे निम्मा वेळ बसमध्ये जाणार. त्या दौऱ्यात तुमच्याकडे काम कोणतं उरतं, ते बघा. सकाळी हॉटेलच्या दारात मुलं मोजायची, पासपोर्ट सांभाळायचे, कुणाची बॅग मागे राहिली का ते पाहायचं. तुम्ही इतकी वर्षं जो विषय शिकवता, त्याची या 11 दिवसांत एकदाही गरज पडत नाही. माझी पहिली हरकत हीच आहे. प्राध्यापकाबरोबर परदेशी जाऊन शिकायचं, तर तिथे प्राध्यापकानं शिकवायला हवं.

अमेरिकेत ही पद्धत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. 1923 साली डेलावेअर विद्यापीठातले रेमंड कर्कब्राइड नावाचे प्राध्यापक आठ विद्यार्थ्यांना घेऊन बोटीनं फ्रान्सला गेले. मुलांनी आधी नान्सीला राहून भाषा पक्की केली, मग पॅरिसला सोरबोन विद्यापीठात शिकली, आणि ते वर्ष त्यांच्या पदवीत धरलं गेलं. आता तिकडून परदेशी शिकायला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी वर्षभरासाठी न जाता काही आठवड्यांसाठीच जातात, आणि त्यातले कितीतरी आपल्याच प्राध्यापकाबरोबर, त्याच प्राध्यापकाचा एक पेपर शिकायला जातात. पेपर आधी ठरतो. तो ज्या ठिकाणी नीट शिकवता येईल ते ठिकाण मग ठरतं. तिकीट आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. तुमच्या कॉलेजात हा क्रम उलटा झालाय, आणि तो सुलटा करणं अजून तुमच्या हातात आहे.

तुमचा पेपर आंतरराष्ट्रीय व्यापाराचा. नाशिकमध्ये हा पेपर शिकवणाऱ्यानं देश निवडताना एवढंच पाहावं, की आपल्या जिल्ह्याचा माल कुठे जातो. आपली द्राक्षं न्हावा-शेवाला रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमधून बोटीवर चढतात आणि युरोपात त्यातली बरीचशी रॉटरडॅम बंदरात उतरतात. म्हणून फक्त नेदरलँड्स. पॅरिस आणि बर्फ ज्यांना पाहायचाय, ते पुढे आपल्या पैशानं आपल्या घरच्यांबरोबर पाहतील.

आता या एका देशात काय शिकवता येईल ते सांगते, कारण प्राचार्यांना पटवायला तुम्हाला हेच लागणार आहे.

अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळाजवळ आल्समीरला फुलांचा लिलाव भरतो. इमारत जगातल्या सगळ्यात मोठ्या इमारतींपैकी एक. तिथला लिलाव घड्याळावर चालतो : भाव वरून सुरू होतो आणि खाली येत जातो, जो पहिला बटण दाबेल त्याला माल. हल्ली खरेदीदार बहुतेक आपापल्या स्क्रीनसमोर दुसरीकडेच बसलेले असतात, पण मालाच्या गाड्यांची धावपळ वरच्या सज्जातून दिसते. हे पाहून कोणताही विद्यार्थी 'भारी आहे' म्हणेल आणि फोटो काढेल. पण त्याच विद्यार्थ्यानं आदल्या डिसेंबरात लासलगावच्या कांदा बाजाराच्या आवारात उभं राहून ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर सरकताना आणि बोली खालून वर चढताना पाहिलेली असेल, एखाद्या शेतकऱ्याशी त्याच्या पट्टीबद्दल, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीबद्दल, बोलणं झालेलं असेल, तर आल्समीरला त्याच्या डोक्यात प्रश्न उभे राहतील. बोली खालून वर गेली तर भाव जास्त मिळतो, की वरून खाली आली तर? भाव फारच पडला तर माल कुणाच्या अंगावर येतो? आल्समीरची संस्था फूल पिकवणाऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था आहे, लासलगावची बाजार समिती 1963 च्या राज्य कायद्याखाली चालते. मग पिकवणाऱ्याचा शब्द कुठे जास्त चालतो? आणि मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी या दोन्हींच्या मध्ये कुठे बसते? हे प्रश्न वर्गात फळ्यावर लिहून शिकवता येत नाहीत. पण मुलगा दोन्ही जागी उभा राहून आला तर त्याला ते सुचतात.

कांद्याचंही तसंच आहे. जगाच्या बाजारात कांदा विकणाऱ्या मोठ्या देशांत नेदरलँड्स आहे, म्हणजे तो आपला स्पर्धक. 8 डिसेंबर 2023 पासून मे 2024 च्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे कांद्याच्या निर्यातीवर बंदी होती. त्या महिन्यांत आपले नेहमीचे गिऱ्हाईक देश कुणाकडे वळले आणि बंदी उठल्यावर त्यातले किती परत आले, हे तिथल्या एखाद्या कांदा निर्यातदाराला समोर बसून विचारता आलं तर त्या एका तासात निर्यात धोरणाचं अख्खं प्रकरण शिकवून होईल. आणि हा प्रश्न चांदवडचा मुलगा ज्या तळमळीनं विचारेल, तसा कोणी विचारणार नाही. त्या हिवाळ्यात त्याच्या घरचा कांदा कोणत्या भावानं गेला, हे त्याला पाठ असतं.

द्राक्षांची गोष्ट तर याहून जवळची. 2003 साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले. त्यानंतर 2006 पासून अपेडानं, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, ग्रेपनेट सुरू केलं : निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी, नमुन्याची तपासणी, आणि तिकडच्या पेटीवरून इकडच्या बागेपर्यंत माग काढता येईल अशी व्यवस्था. एवढं असूनही 2010 साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या, म्हणजे बागेत ज्याला लिहोसीन म्हणतात त्याच्या, अंशावरून युरोपात माल अडकला आणि आपल्याकडच्या बागायतदारांचं कंबरडं मोडलं. तुमचे आजचे विद्यार्थी तेव्हा बालवाडीत असतील, पण त्यांच्या वडिलांना विचारा, तो हंगाम त्यांना तारखेनिशी आठवतो. फेब्रुवारीत मुलांना दिंडोरी-निफाडकडच्या पॅकहाऊसला न्या. प्रीकूलिंग, पेटीतला सल्फरचा कागद, कंटेनरचं तापमान, रेसिड्यूचा रिपोर्ट, सगळं पाहू द्या. मग एप्रिलच्या शेवटाला किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात तिकडे गेलात, तर दुकानाच्या फळीवर आपल्या हंगामातला शेवटचा माल अजून असू शकतो. पनेटवरची, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्यावरची, किंमत वहीत लिहायची आणि बागेत मिळालेल्या भावापासून त्या किमतीपर्यंतचा एकेक टप्पा मुलांकडून मांडून घ्यायचा : तोडणी, पॅकिंग, भाडं, विमा, आयातदार, सुपरमार्केट. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या तेव्हा जादा दिवसांचा भुर्दंड यातल्या कोणत्या टप्प्यावर पडला, हेही त्यात येऊ द्या.

म्हणूनच तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य तुमच्या कोऱ्या पासपोर्टबद्दलचं नाही. 'त्यांच्यापैकी एकानंही नाव दिलेलं नाही,' हे ते वाक्य. या पेपरला ज्यांची सगळ्यात जास्त गरज आहे तीच मुलं यादीत नाहीत. शहरातल्या गंगापूर रोडच्या मुलानं जरूर यावं, त्याच्यासाठीही हे नवीनच आहे. पण निफाडच्या मुलाला वगळून द्राक्षांच्या निर्यातीचा अभ्यास करायला निघणं मला मान्य नाही, आणि तुम्हालाही ते मान्य नाही, नाहीतर तुम्ही ती ओळ लिहिली नसती.

तेव्हा पैशांचं बोलू.

'दोन शिक्षक फुकट' हा शब्दच आधी काढून टाका. कंपनी पदरचे पैसे घालत नाही. तुमचा खर्च 22 मुलांच्या फीमध्ये वाटलेला आहे. विद्यार्थ्याच्या बापानं भरलेल्या पैशातून त्याच्या शिक्षकाचं विमानाचं तिकीट निघावं आणि ते कुणाला कळूही नये, ही पद्धत चुकीची आहे. शिवाय 22 चा आकडा भरेपर्यंत कुणालाही नको म्हणायची तुमची सोय उरत नाही. शिक्षकांचा खर्च संस्थेनं स्वतःच्या अंदाजपत्रकात दाखवून करावा. कॉलेजला हा उपक्रम नावासाठी हवा असेल तर दोन शिक्षकांचा खर्च जड नाही.

संख्या 14-15 वर आणा. एका पॅकहाऊसमध्ये, एका बैठकीच्या खोलीत, एका रेल्वे डब्यात सांभाळता येतील एवढीच मुलं. 10 दिवसांचा मुक्काम एकाच गावात ठेवा, रॉटरडॅम किंवा उट्रेख्टला, हॉस्टेलवर. आल्समीर, रॉटरडॅमचं बंदर, हेगजवळचा काचघरांचा वेस्टलंड, शेतीच्या अभ्यासासाठी जगभर नावाजलेलं वागेनिंगेन विद्यापीठ, या सगळ्या जागा एकमेकींपासून नाशिक ते धुळे एवढ्या अंतराच्याही आत आहेत. रेल्वेनं आणि बसनं फिरता येतं. चार देश आणि रोजचं नवं हॉटेल गेलं की खर्च चांगलाच उतरतो. 27 एप्रिलला तिकडे राजाचा वाढदिवस साजरा होतो. त्या आसपास हॉटेलं महाग असतात आणि त्या दिवशी कार्यालयं बंद, तेवढं टाळा. आल्समीरचा लिलावही कामाच्या दिवशी आणि भल्या सकाळीच पाहता येतो.

निवड आधी आणि पैसे नंतर, असा क्रम ठेवा. अर्जात विद्यार्थ्याकडून एक पान मागा : मला तिथे जाऊन कोणता प्रश्न विचारायचाय आणि का. पानं वाचून यादी लावा. मग त्या यादीतल्या ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी निधी उभा करा. माजी विद्यार्थी, द्राक्ष निर्यातदार, पॅकहाऊसवाले, जिल्ह्यातल्या कंपन्या, यांच्याकडे 'आमच्या सहलीला मदत करा' म्हणून गेलात तर कोणी दारात उभं करणार नाही. पण 'आमची मुलं तुमच्या मालाचा बागेपासून युरोपातल्या दुकानापर्यंतचा हिशेब मांडणार आहेत आणि तो अहवाल तुम्हाला देणार आहेत' म्हणून गेलात तर ऐकून घेतील. कोणाला किती मदत मिळाली हे तुम्ही, प्राचार्य आणि लेखापाल सोडून चौथ्या माणसाला कळता कामा नये. मुलांमध्ये तर नाहीच नाही.

एक धोका आत्ताच सांगते. कोणाही शेतकरी पालकाला सोसायटीचं पीककर्ज फिरवून किंवा दागिना ठेवून मुलाला पाठवू देऊ नका. 10 दिवसांच्या अभ्यासासाठी ते करण्यासारखं नाही, आणि हे त्यांना तुमच्याशिवाय कोणी सांगणार नाही. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या परदेशी शिष्यवृत्त्या पूर्ण पदवीसाठी असतात, अशा दौऱ्यांसाठी नसतात, म्हणून त्या आशेवरही कुणाला ठेवू नका. जर्मनीची डीएएडी ही संस्था मात्र आपल्या प्राध्यापकासोबत येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या गटांना मदत देण्याची योजना बरीच वर्षं चालवली. पुढे कधी जर्मनीचा विचार केलात तर ती त्या वर्षी चालू आहे का, ते आधी पाहा.

बचतीची एक जागा टूर कंपन्या सहसा सांगत नाहीत. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो आहे. पण युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेनुसार अभ्यासासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी येणारे विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचे शिक्षक यांना ते माफ असतं. व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस या कंपनीचं सेवाशुल्क वेगळं भरावं लागतं. ही सवलत मिळायची तर अर्ज पर्यटक म्हणून जाता कामा नये. कॉलेजचं पत्र, अभ्यासक्रम आणि तिकडच्या यजमान संस्थांची निमंत्रणं जोडावी लागतात. म्हणजे पेपर खरा असला तर पैसेही वाचतात. आणि टूर कंपनीमार्फत पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आगाऊ वसूल करायचा आयकर, घेतला जातो. तो कोणाच्या पॅनवर जमा होतोय ते पावतीवर पाहा. रिटर्न भरून तो करातून वळता किंवा परत घेता येतो, पण रिटर्न भरावं लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून कधीच रिटर्न न भरलेल्या घरांत हा पैसा तसाच पडून राहतो.

कागदपत्रांतही याच घरांची अडचण जास्त, म्हणून ती आधी हाती घ्या. व्हिसाला पालकांचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि नमुन्याच्या यादीत आयकर रिटर्न असतं. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी सात-बारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीच्या किंवा व्यापाऱ्याच्या पट्ट्या आणि बँकेचं स्टेटमेंट, इंग्रजी भाषांतरासह लावावं, आणि सोबतच्या पत्रात शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याचं स्पष्ट लिहावं. कॉलेज किंवा निधी खर्च उचलत असेल तर तसं हमीपत्र जोडावं. पासपोर्टसाठी नाशिकमध्येच सेवा केंद्र आहे. 36 पानी पासपोर्टला नेहमीच्या पद्धतीत 1,500 रुपये लागतात, पण पोलीस पडताळणीला गावाकडे वेळ जातो. दहावीच्या दाखल्यावरचं, आधारवरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का, ते आताच पाहून घ्या. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका, जानेवारीत करा. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः व्हिसा केंद्रात जावं लागेल. सगळ्यांची वेळ एकाच दिवशी घेऊन एक बस करा.

क्रेडिटचं थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत आपल्या पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आहेतच, आणि क्षेत्रकामाचे 30 तास म्हणजे एक क्रेडिट. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासमंडळापुढे ठेवा, नसेल तर फील्ड प्रोजेक्टच्या चौकटीत बसवा. टूर कंपनीच्या प्रमाणपत्राला काहीही किंमत नाही. आणि माझा यात एक आग्रह आहे : नाशिकमधला अर्धा भाग, लासलगाव, पॅकहाऊस, मोहाडी, हा अख्ख्या वर्गाला द्या, जाणाऱ्यांना आणि न जाणाऱ्यांनाही. क्रेडिट दोघांना सारखंच मिळायला हवं. परत आलेल्यांचा हिशेब आणि इथे राहिलेल्यांची आकडेवारी मिळून एकच अहवाल होऊ द्या.

तिकडे गेल्यावर रोज संध्याकाळी जेवणाआधी तासभर सगळ्यांनी बसायचं. हा तास कोणत्याही कारणानं चुकवू नका. जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या पुढाकारानं झालेला आणि 2009 साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. नुसतं परदेशात राहिल्यानं विद्यार्थ्यांची दुसऱ्या समाजाबद्दलची समज आपोआप वाढत नाही, तिथे कोणीतरी त्यांच्याशी नेमानं बसून बोलत असेल तर वाढते, असं त्यात दिसलं. मी विद्यार्थ्यांचे गट नेले आहेत आणि माझाही अनुभव हाच आहे. दिवसभर मुलं बघत असतात, पण काय पाहिलं ते त्यांना संध्याकाळी बोलताना कळतं. गप्प बसणारी मुलगी कधी बोलू लागते, तेही त्याच तासात कळतं. मराठीत बोलू द्या. तिकडच्यांशी इंग्रजीत बोलावंच लागतं. विचार करताना तरी भाषेचं ओझं नको.

आता जबाबदारीचं. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. त्या दिवसानंतर राज्यातला प्रत्येक शिक्षक सहल म्हटलं की आधी दचकतो. तुमची भीती रास्त आहे, आणि ती बाजूला सारायला मी सांगणार नाही. उलट त्या भीतीनंच हे सगळं कागदावर आणून घ्या. दौरा संस्थेचा असल्याचा व्यवस्थापनाचा ठराव हवा. तुम्ही एकट्या जाणार नाही. सोबत दुसरे शिक्षक, शक्यतो पुरुष आणि आधी परदेशी जाऊन आलेले. दोघांत कामाची वाटणी आधीच करा : तुम्ही पेपर बघाल, ते प्रवास, तब्येती आणि पैसे बघतील. सगळं एकाच माणसाच्या अंगावर पडलं की आजारी मुलाला दवाखान्यात नेताना उरलेले 13 जण रस्त्यावर उभे राहतात. रात्री-बेरात्री फोन उचलेल असा एक माणूस नाशिकमध्ये नावानिशी नेमलेला हवा.

शेंगेन व्हिसासाठी किमान 30 हजार युरोंचा प्रवास विमा लागतोच, पण आधीपासूनच्या आजाराला तो चालतो का, ते वाचा. दमा, फिट, मधुमेह, मनाच्या आजाराची औषधं, याची माहिती प्रत्येक पालकाकडून बंद पाकिटात घ्या आणि ती उघड न करण्याचा शब्द द्या. नाहीतर लपवतात, आणि मग ते तिकडे कळतं. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवायची. तिकडचा आणीबाणीचा क्रमांक 112. नेदरलँड्समध्ये 18 वर्षांच्या मुलाला दारू मिळते, आणि ज्याला कॉफी शॉप म्हणतात तिथे गांजा विकला जातो. हे पालकसभेत मोकळेपणानं बोला. कुजबुजून काही होत नाही. नियम लिहून सही घ्या, आणि मोडल्यास काय होईल तेही लिहा. मुलींना हेही सांगा, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या लैंगिक छळविरोधी नियमांत अभ्यासदौऱ्याची जागाही कॉलेजच्या आवारातच धरली आहे. म्हणजे तिकडे काही घडलं, मग ते सोबतच्या विद्यार्थ्याकडून असो की शिक्षकाकडून, तरी कॉलेजची अंतर्गत समिती तक्रार घ्यायला बांधील आहे. समितीच्या अध्यक्षांचा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये असू द्या.

पालक विचारतात, 'पाठवू का?' त्यांना सांगा, मुलानं स्वतः लिहिलेलं ते एक पान वाचायला मागा. त्यात त्याचा स्वतःचा प्रश्न असेल तर आणि हात आखडत नसेल तर जरूर पाठवा. बायोडेटात एक ओळ वाढेल म्हणून किंवा पुढे परदेशी प्रवेश सोपा होईल म्हणून पाठवणार असाल तर नका पाठवू. तसा प्रवेश यानं मिळत नाही.

आणि तुम्ही. कधी बाहेर गेला नाहीत ही मला अडचण वाटत नाही. कोणती रेल्वे कुठे थांबते ते फोनवर दिसतं आणि तुमच्याबरोबरचे शिक्षक बघतील. पण पनेटवरची किंमत पाहून ती बागेपर्यंत मागे नेऊन दाखवणं तुमच्याशिवाय त्या गटात कुणाला जमणार नाही, आणि त्यासाठीच तुम्ही चालला आहात. लेकीला बरोबर नेऊ नका. तिकडे 10 दिवस तुम्ही 14 मुलांच्या असाल, तिला ते कळणार नाही आणि तुम्हाला दोन्हीकडे अपुरं वाटेल. सासूबाई मनापासून म्हणतायत, तर त्यांचा शब्द घ्या. फेब्रुवारीतल्या पॅकहाऊसच्या दिवसांतच उशिरा घरी यायची सवय तिघींनाही होईल. नवऱ्यानं त्या 10 दिवसांत काय करायचं, हेही आत्ताच ठरवा; सगळं सासूबाईंवर टाकू नका.

गणपतीच्या सुट्टीआधी प्राचार्यांना दोन पानांचं टिपण द्या : एक देश, 15 मुलं, दोन शिक्षक, शिक्षकांचा खर्च संस्थेचा, निवड आधी पैसे नंतर, व्यवस्थापनाचा ठराव. तोंडी बोलू नका, टिपणावर तारीख घाला आणि प्रत ठेवा. 'दौरा माहितीपत्रकातला तोच राहील' असं उत्तर आलं तर समन्वयकपद लेखी नाकारा. त्यात उद्धटपणा काही नाही. मान्य झालं तर सप्टेंबरात तिकडच्या संस्थांना पत्रं लिहायला बसा, तेव्हा त्यांचंही शैक्षणिक वर्ष सुरू होतं. पत्र छोटं असू द्या, तुमची मुलं कोणत्या पिकाच्या घरांतली आहेत आणि त्यांना काय विचारायचंय हे पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. एका पत्राला उत्तर येत नाही, दहा लिहावी लागतात. डिसेंबरअखेर दोन तरी यजमान लेखी पक्के झाले नाहीत, तर दौरा एक वर्ष पुढे ढकला, आणि तोपर्यंत कोणाही मुलाकडून एक रुपयासुद्धा घेऊ नका.